मारून राहिला

सानगडी
३ जुलै २०२५

जीवन,

जय भीम. हे पत्र तुया हातात यायच्या आधी जेलातले साहेब वाचतीन, हे मले मालूम हाय. वाचा जी साहेब, तुमालेबी जय भीम. लपवण्यासारखं काही लिहून नाई राहिली.

मे महिन्यात मी अन् आई आलो होतो. साकोली, मंग नागपूर, मंग पुण्याच्या गाडीत उभ्यानं अर्धी वाट. सकाळी आठले जेलच्या फाटकापुढं लायनीत लागलो. अडीच वाजता शिपाई आला अन् म्हणे, "तुमचा माणूस भेटायला नको म्हणतोय." आईनं तुयासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे आणले होते. ते तसेबी आत जाऊ देत नाई म्हणे. वापसीच्या गाडीत आम्ही दोघीनंच खाल्ले. आंबट झाले होते, तरी खाल्ले. आई म्हणे, पोट्ट्याले लाज वाटत असन. मी म्हटलं, लाज वाटते त चांगलं हाय.

भेटत नाई, फोन करत नाई, त म्हटलं पत्र लिहू. फाडशीन फार त फार.

साहेब, तुमाले थोडं सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजन. मी रत्नमाला गणवीर, जीवनची मोठी बहीण. सानगडीत बसस्टँडच्या मांगं घर हाय, समोरच्या खोलीत माई शिलाईची दुकान. हा जीवन म्हणजे टीव्हीवर दिसायचा तोच, कबड्डीवाला, नऊ नंबरचा शर्ट. अन् ज्याच्या खुनाची केस याच्यावर चालू हाय तो भुपेंद्र कठाणे, आमचा भुप्या. आमच्या अन् त्याच्या घराच्या मधात निस्ता रस्ता हाय. दोघं एकाच मैदानात खेळून मोठे झाले. पुण्याच्या टीमनं जीवनले घेतलं, भुप्याले नाई घेतलं. मंग जीवननंच त्याले सोबत नेलं, सराव कराले, मालिश कराले, गुडघ्याले पट्टी बांधाले. दोघं एकाच खोलीत राहत. दोन वर्षं होत आली, २०२३च्या ३ सप्टेंबरले संध्याकाळी त्याच खोलीत भुप्या मेला. पोलीस म्हणतेत जीवननं मारलं. जीवन म्हणते बाथरूमात घसरून पडला.

अन् मरायच्या आधी भुप्यानं शेवटचा फोन मले केला होता. सात वाजाले दहा कमी. एक्केचाळीस सेकंद. हे साऱ्या महाराष्ट्राले मालूम हाय, तुमालेबी असन.

जीवन, गुडघा कसा हाय? तठी कोणी पट्टी बांधून देते का नाई?

ताई

सानगडी
२७ जुलै २०२५

जीवन,

जवाब नाई आला. मले वाटलंच होतं.

गावचं सांगते. आपल्या फाट्यावर तुया नावाची लोखंडी कमान लावली होती ना, "कबड्डीसम्राट जीवन गणवीर क्रीडानगरी"? तुले पकडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी नावाले डांबर फासलं. मंग ग्रामपंचायतीनं नावच कापून काढलं. आता निस्तं "क्रीडानगरी" राहिलं हाय, अन् त्यातलीबी "री" एका खिळ्यावर लटकून राहिली. एस.टी. गेली का हालते. आई बाजारात जाते तवा त्या कमानीखालून नाई जात, बोडीच्या पाळीवरून, पाण्याच्या काठाकाठानं फेरा घालून जाते.

तू फायनल जिंकून आला तवा साकोलीपासून सानगडीपर्यंत मिरवणूक होती. पाच पुढारी एका जीपवर चढले होते, टायर बसला होता जीपचा. आज त्यातला एकबी आपल्या दारावरून जात असला त मोबाइल कानाले लावते. उगवत्याले सारे रामराम करतेत, हे काही नवं नाई. पण मले राग येते तो पुष्पाबाईचा. ते दुकानात बसून म्हणे, "मले त पहिलेच वाटत होतं. त्याचे डोळेच तसे होते." मी म्हटलं, अवो पुष्पाबाई, तुमच्या नातवाले त्याच्या मांडीवर बसवून फोटो काढला, मढवून भितीवर लावला, तवा डोळे कसे होते? त म्हणे, "तवा चष्मा नव्हता मले."

साकोलीत भुप्यासाठी त्याच्या जातवाल्याईचा मोर्चा निघाला, मेणबत्त्या घेऊन. त्यात दहा लोक असे होते का ज्याईनं भुप्याले जितेपणी ओळखलंबी नसतं. त्याच्या पोस्टरवर तुया फोटो मोठा होता, भुप्याचा लहान. आठ दिवसानं नागपूरवरून दुसरे आले. ते म्हणे, "आपल्या समाजाचा पोरगा हाय म्हणून फसवला, त्याच्या आईनं, विमलाबाईनं, आमच्यासोबत स्टेजवर बसावं." एका बाजूले तू जातीमुळं खुनी, दुसऱ्या बाजूले जातीमुळंच निर्दोष. त्या खोलीत काय झालं हे दोघाईलेबी नोको होतं. आई दोन्हीकडं नाई गेली. तांदूळ निवडत बसली.

अन् चॅनलवाले! "एक्केचाळीस सेकंदाचं रहस्य" म्हणून घड्याळ दाखवतेत, टिकटिक, टिकटिक. बाया मापाले येतेत अन् टेप अंगाले लागला का विचारतेत, "काय व रतन, काय म्हणला होता तो फोनवर?" परवा एकीचं गळ्याचं माप घेताना टेप थोडी जास्त ओढली. चूप बसली.

माई कारध्याची सोयरीक मोडली हे तुले कोणी सांगतलं नसन. ते लोक म्हणे, केस निपटू द्या मंग पाहू. बरं झालं. त्या पोराले हासता येत नव्हतं धड.

दुकान सोडून कुठी जाता येत नाई. दुकानात बसली का समोर काकूचं दार. भुप्याची माय आनंदाबाई दार उघडते, माई मशीन दिसते, दार लावते. दिवसातून कितीदा, मोजणं सोडून देल्लं.

ताई

सानगडी
२४ ऑगस्ट २०२५

जीवन,

परवा पोळा झाला अन् आज साकोलीचा पोलीस समन्स घेऊन आला. १८ नोव्हेंबरले पुण्याच्या कोर्टात साक्ष. सरकारी वकिलाकडून माया नाव हाय. म्हणजे मी तुया विरोधातली साक्षीदार. वारे वा! तुले पाचवीत पोहोचवाले मीनं शाळा सोडली, अन् आता तुया विरोधात मी.

माया पहिला जबाब तुले मालूम हाय. मीनं पोलिसाले सांगतलं, "आवाज कटून राहिला होता, काही समजलं नाई." ते पुण्याची हवालदारीण होती. तिनं विचारलं, फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता? मी म्हटलं, "ब्लाउज शिवून राहिली होती." तिनं लिहून वाचून दाखवलं, "ब्लाउज शिवायचा राहिला होता." मी म्हटलं, नाई जी बाई, राहिला नव्हता, शिवून राहिली होती, म्हणजे हात चालू होता. ते म्हणे, "अहो, एकच ना ते." मले हासू आलं. भुप्या मेल्याच्या चौथ्या दिवशी मले हासू आलं, पाह्य.

एक गोष्ट तुले कधी सांगतली नाई. भुप्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आली. स्टुलावर बसली. तिचं तोंड पाहून मले वाटलं, आता हे मले शिव्या देईन, अन् द्याव्याच. ते म्हणे, "रतन, शेवटचा फोन तुले केला त्यानं. मले नाई केला. काय म्हणे?"

मी म्हटलं, "काकू, आवाज कटत होता. पण जेवलो म्हणे."

"काय जेवला?"

"भात खाल्ला म्हणे."

"भाजी?"

मी म्हटलं, "वांग्याची."

ते कोणी विचारलं होतं मले, जीवन? भातावर थांबता येत होतं. पण ते पाहून राहिली होती माया तोंडाकडं, त मी वांगेबी देल्ले. काकू उठली, पदरानं तोंड पुसलं अन् म्हणे, "चला, उपाशी नाई गेला." तवापासून ते साऱ्या गावाले सांगते, माया पोरगा जेवून गेला, वांग्याची भाजी होती. त्याच्या दिवशी, ३ सप्टेंबरले, घराच्या भिताडीवर पत्रावळ ठेवते. भात अन् वांगे. आता दहा दिवसानं पुन्हा ठेवीन. मी मशीनवरून पाहते.

त्यानंतर ते मायाशी एक शब्द नाई बोलली.

ताई

सानगडी
१९ सप्टेंबर २०२५

जीवन,

हे पत्र पोस्टात टाकून नाई राहिली. मशीनच्या खालच्या खणात ठेवते. जेलातल्या साहेबाले हे वाचू द्यायचं नाई.

तुयं कार्ड आलं. दोन वर्षात पहिलं अक्षर. "ताई, वकील सांगतात तसं बोल. जीवन." उलटून पाहिलं, मांगं काही नाई. "सांगतात" लिहिलं तू, "सांगतेत" नाई. पुण्याचा झाला. आईची तब्येत नाई विचारली. काकूचं नाव नाई. भुप्याचं नाव नाई.

आई म्हणे, वाचून दाखव. मी म्हटलं, तुयी आठवण करते म्हणे.

तुया वकिलाले मीनं पहिल्याच महिन्यात खरं सांगतलं होतं. वकील अन् डॉक्टरजवळ लपवू नये म्हणतेत. भुप्या फोनवर म्हणला होता, "ताई, जीवन मले मारून राहिला." आवाज कुठी कटला नव्हता. चांगला साफ होता.

वकिलानं तवा मले म्हटलं होतं, हे कुणाला बोलू नका. परवा त्याचा फोन आला, लय खुशीत होता. म्हणे, "ताई, तुमच्याकडे 'मारून राहिला' म्हणजे 'मारतो आहे' ना?"

"हो जी."

"मग गप्पा मारून राहिला, चक्कर मारून राहिला, असं म्हणतात?"

"म्हणतेत."

"आणि टोमणे मारून राहिला?"

"तेबी म्हणतेत."

"झालं तर! तुम्हाला खोटं बोलायचंच नाही. सगळं तसंच सांगा, एकच शब्द घाला. 'जीवन मले टोमणे मारून राहिला.' दोन मित्रांची थट्टामस्करी. मग तो बाथरूममध्ये गेला, घसरला. पुण्यातल्या कोर्टाला तुमची बोली कोण शिकवणार? तुम्हीच."

मी म्हटलं, अन् नाई म्हटलं त?

तो म्हणे, "ताई, पोस्टमॉर्टेमवर भांडता येतं. डॉक्टर दोन बाजूंनी बोलतात. तुमच्या तोंडून ते वाक्य जसंच्या तसं गेलं, तर मात्र जन्मठेप. भाऊ तुमचा आहे."

म्हणजे सारं माया एका शब्दावर आलं. घातला त तू घरी. नाई घातला त आई मरेपर्यंत तुले पाहत नाई. अन् घातला त काकूचा पोरगा घसरून मेला, आपल्याच चुकीनं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. कोणाले बोलू?

दिवसभर मशीनवर म्हणून पाहते. टोमणे मारून राहिला. टोमणे मारून राहिला. जीभ वळते. खोटं बोलाले काही त्रास नाई होत, हेच मले नवल वाटलं. मी म्हणत होती अन् समोर काकूनं दार उघडलं. मी चूप झाली. ऐकू गेलं नसन एवढ्या दूर. पण चूप झाली.

१ नोव्हेंबर २०२५

जीवन,

हेबी खणात.

दिवाळीच्या आधी वडसाच्या नाटक कंपनीचा एक प्रविण म्हणून माणूस दुकानात आला. बॅग ठेवली, पाणी मागतलं, म्हणे, "ताई, दोन शर्ट शिवाचे हायेत, नऊ नंबरचे. एक साधा, अन् एक असा का मारामारीत ओढला का खांद्यातून फाटला पाहिजे, अन् दुसऱ्या गावच्या प्रयोगाले पुन्हा जोडता आला पाहिजे." मले वाटलं याले मालूम नाई मी कोण. मी म्हटलं, भाऊ, तुमाले मालूम हाय का तुम्ही कोणाच्या दुकानात बसून राहिले? त म्हणे, "म्हणूनच आलो ना जी ताई. अस्सल पाहिजे."

बेशरमपणा पाह्य! अन् मायाबी पाह्य. मीनं शिवले. काहून शिवले सांगू? दुसऱ्यानं शिवले असते त खांदे चुकवले असते. तुया डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता हाय, हे माया हाताले मालूम हाय. मीनं त्या नटाचं माप नाई घेतलं, तुयंच टाकलं.

आता मंडया सुरू झाल्या, गावोगाव जत्रा अन् रातभर नाटकं. तुया केसवरच्या त्या नाटकाचा पहिलाच प्रयोग आपल्या बाजूच्या गावच्या मंडईत होता. मी नाई गेली. आईले सांगतलं, ब्लाउजले टिकल्या लावाची ऑर्डर हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ नाई वाजले त बाया दुकानात. साऱ्याईचे डोळे सुजलेले. म्हणे, "काय काम केलं व त्या बहिणीनं!"

नाटकात भुप्याचा फोन बहिणीले येते. ते ऐकते, किंचाळते, "भावा, नोको मारू रे त्याले, तुया हातापाया पडते!" फोन फेकते, बिना चपलीची स्टँडवर धावते, पुण्याची गाडी विचारते, गाडी नसते, त तठीच पडते. मंग त्याच गाण्याले तीनदा वन्समोअर. लोकाईनं नोटा लावल्या तिच्या पदराले.

पुष्पाबाई पुढं आली. तीच, चष्मा नव्हता म्हणणारी. माये दोन्ही हात धरले, डोळ्याले लावले अन् म्हणे, "पोरी, एवढं केलं तू, अन् आम्ही तुले काय काय म्हटलं. माफ कर." हात भिजले माये. मी हात ओढून घेतले अन् मांगच्या खोलीत जाऊन बसली.

जीवन, ते बाई नाटकात किंचाळली. मी हासली होती.

वकिलालेबी मीनं एवढंच सांगतलं होतं का तो असा म्हणला अन् फोन कटला. कटला नव्हता. मीनं कापला. चार सेकंद भुप्याचे होते, बाकीचे माये. तुले मालूम हाय ना, दुसरीत होता तवापासून तो मैदानातून धावत यायचा, "ताई, जीवन मले मारून राहिला," अन् मी कापड मोजायचा लाकडी गज घेऊन निघायची. तू दिसला का तुयाच पाठीत घालायची. मंग दोघं मिळून पळायचे, मलेच चिडवत. किती वर्षं ऐकलं असन मीनं ते वाक्य! अन् आता एवढा सहा फुटाचा गडी पुण्यावरून फोन करून तेच म्हणते. मले हासूच आवरेना. मी म्हटलं, "मंग तूबी दे दोन ठेवून! एवढा घोडा झाला अन् अजूनबी चुगली करते? मले काम हाय, तुया मायचाच ब्लाउज मशीनवर हाय. ठेव." तो म्हणला, "ताई—" अन् मीनं ठेवला.

गज तठीच होता, मशीनच्या बाजूले.

अन् आणखी एक. तू लपवून खेळत होता त्या गुडघ्याच्या दुखण्याचं टीमच्या डॉक्टरले भुप्यानं सांगतलं म्हणून तू त्याच्यावर चिडला होता ना? त्याले मीनं सांगाले लावलं होतं. तो भेत होता. म्हणे, जीवन मले मारून टाकीन ताई. मी म्हटलं, काही नाई करत, मी हाय ना.

ताई

सानगडी
२३ नोव्हेंबर २०२५

जीवन,

खणातले दोन पत्रं अन् हे, तिन्ही एकाच पाकिटात टाकून राहिली. वाचू दे साहेबाले. आता लपवण्यासारखं खरंच काही नाई राहिलं.

तू होता कोर्टात, तरी सांगते. तू पूर्ण वेळ खाली पाहत होता.

बाहेर कॅमेरेवाले एवढे होते का पोलिसानं मले धरून आत नेलं. एक पोट्टी माइक घुसवून म्हणे, "ताई, एक्केचाळीस सेकंदात काय झालं, देशाला सांगा!" आत गेली त मांगच्या बाकावर काकू. एकटीच आली होती पुण्याले, तशी उभ्या जन्मात नागपूरच्या पुढं गेली नव्हती. तुले आणलं. लंगडून राहिला होता. खांदा अजूनबी डावाच उतरता.

जज मॅडम चांगली होती. म्हणे, त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा. वकील मायाकडं पाहून हळूच मान हालवून राहिला होता. मीनं तोंड उघडलं. टोमणे हा शब्द तयार होता जिभेवर, दोन महिने घोकला होता. पण मले ते नाटकवालीच दिसली, अन् पुष्पाबाईचे ओले डोळे. म्हटलं, आता आणखी एक खोटी बहीण मी नाई उभी करत.

मी म्हटलं, "तो म्हणला, ताई, जीवन मले मारून राहिला."

टाइप करणारा थांबला. मॅडमले म्हणे, "मारून राहिला, म्हणजे मारून तिथेच राहिला, असं घेऊ?" तुया वकील उठला. म्हणे, ही बोलीभाषा आहे, गप्पा मारून राहिला, टोमणे मारून राहिला, असे अनेक अर्थ होतात. सरकारी वकीलबी उठला. दोघं माया बोलीवर भांडून राहिले, अन् दोघाईलेबी ते बोलता येत नव्हती. मॅडम म्हणे, "बसा. त्यांना सांगू द्या. बाई, 'मारून राहिला' म्हणजे काय?"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं राहिला म्हणजे काम चालू हाय. भात शिजून राहिला म्हणजे अजून शिजला नाई. पोरगा जाऊन राहिला म्हणजे अजून वाटेतच हाय, हाक मारली त वापस येते. मारून राहिला म्हणजे मार चालू हाय. भुप्या जिता हाय. अजून थांबवता येते."

टाइप करणारा ते सारं लिहून राहिला होता.

मॅडम म्हणे, "मग तुम्ही काय केलंत?"

"मी हासली."

टाइप करणाऱ्याचा हात पुन्हा थांबला. मी म्हटलं, लिवा जी. हासली. अन् फोन ठेवला. अन् डॉक्टरले सांग म्हणून भुप्याले मीनंच म्हटलं होतं, तेबी लिवा.

तवा तू वर पाहिलं. तेवढंच. मले वाटलं तुया डोळ्यात राग असन. राग नव्हता. लहानपणी गज पाहून जसा पाहायचा, तसा पाहत होता. जीवन, तवा मी फोनवरून तुले एक हाक मारली असती त तू थांबला असता, हे मले मालूम हाय अन् तुलेबी मालूम हाय. यासाठी कोणी मले जेलात टाकत नाई. तू शिक्षा भोगून कधीतरी सुटशीन.

मी घरी आली. आईले सारं सांगतलं. ते उठून गेली अन् मले जेवण वाढलं. दोन घास खाल्ले.

काल दुपारी काकू दुकानात आली. दोन वर्षानं. स्टुलावर बसली. मी मशीन बंद केली. तिनं टेबलावरचं कापड हातानं सरळ केलं. मंग म्हणे, "वांग्याची भाजी नव्हती म्हणजे."

"नाई काकू."

"भातबी नाई?"

"मालूम नाई काकू. विचारलंच नाई मीनं त्याले."

ते मान हालवत राहिली. मले वाटलं आता रडीन, आता मारीन. मारलं असतं त बरं वाटलं असतं मले. ते म्हणे, "माया ब्लाउज हाय तुयाजवळ. त्या दिवशीचा."

होता. गठ्ठ्यात सर्व्यात खाली, हिरवा, एक बाही लागलेली अन् दुसरीची सुई अजून त्याच्यातच, गंजलेली. मी काढला, झटकला. मी म्हटलं, "काकू, उद्यापर्यंत शिवून देते."

काकूनं तो माया हातातून घेतला, घडी केली, सुई काढून टेबलावर ठेवली.

"नोको," ते म्हणे. "राहू दे तसाच."

तुयी ताई